तबकडीची निगा

स्मरणाचे ओझे मनुष्याने मस्तकावरून उतरवून प्रथम भूर्जपत्रावर ठेवले, पुढे कागदावर आणि अखेरीस गंजावर ठेवले. यात अतिशयोक्ती फारशी नाही. संगणकाची फ्लॉपी म्हणजे प्लास्टिकच्या पातळ तबकडीवर चढविलेला लोहाच्या ऑक्साइडचा लेप. गंजाचाच तो सख्खा भाऊ. १९७१ साली ती प्रथम बाजारात आली तेव्हा आठ इंच रुंद होती. पुढे ती सव्वापाच इंचांवर आली आणि नंतर साडेतीनांवर. देह आटत गेला तसतशी तिची भूक मात्र वाढत गेली.

१९९३ साली एका तालुक्याच्या गावी शाळेच्या कचेरीत एक जुना संगणक आला आणि त्याच्याबरोबर सव्वापाच इंची फ्लॉप्या आल्या. त्यांचा सांभाळ वृद्धत्वाकडे झुकलेल्या कारकुनांकडे सोपविण्यात आला. त्यांना सारा गाव भाऊसाहेब म्हणे. फ्लॉपीच्या पाकिटावर काय करू नये याची चित्रे छापलेली असत. भाऊसाहेबांनी ती नक्षी समजून सोडून दिली. महत्त्वाचा कागद फायलीला लावावा, हा त्यांचा तीस वर्षांचा शिरस्ता. त्यांनी फ्लॉपीला दोन भोके पाडली आणि ती लेसमध्ये ओवली. दुसरीवर चिठ्ठी चिकटवून बॉलपेनने असे दाबून नाव लिहिले की, अक्षरे आतल्या तबकडीवरही उमटावीत. तिसरी उडू नये म्हणून तिच्यावर टाचण्यांची चुंबकी डबी ठेवली. चुंबकाने लिहिलेले चुंबकानेच पुसले जाते, हे टाचण्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. खंडेनवमीला उरलेल्या सगळ्या फ्लॉप्यांना हळदकुंकू लागले. तेही वेष्टनाच्या नेमक्या त्या खाचेत, जेथे तबकडी उघडी असते आणि जेथे बोटही लावू नये!

फ्लॉपीच्या वारसांचीही कुंडली फारशी निराळी नाही. सीडीला खालच्या बाजूने लोक जपतात. वास्तविक तिचा चकाकता थर वरच्या, नाव लिहिण्याच्या बाजूस असतो. पेनड्राइव्ह सदऱ्याच्या खिशातून धुण्यात जातो. तो वर्षानुवर्षे कपाटात निजून राहिला, तरी आतील विद्युत्‌भार हळूहळू झिरपून जातो.

पुढे एके दिवशी त्या शाळेचा एक जुना विद्यार्थी कन्येला घेऊन आला. तिच्या जात पडताळणीसाठी वडिलांची शालेय नोंद हवी होती आणि मुदतीस चारच दिवस उरले होते. फ्लॉपी सापडली, पण तिच्या मधोमध भोके होती. ती धड असती तरी वाचणार कशात? सोनी कंपनीने जपानातील आपली फ्लॉपीची विक्रीदेखील २०११ सालीच थांबविली होती. मुलीचा चेहरा उतरला.

सेवानिवृत्त भाऊसाहेबांना निरोप गेला. ते छत्री टेकीत आले, माळ्यावरून जनरल रजिस्टर काढवून घेतले आणि चष्मा न लावताच पान उघडले. संगणक आल्यावर रजिस्टर बंद करावे, असा त्यांना हुकूम झाला होता. परंतु तो तोंडी होता आणि तोंडी हुकूम भाऊसाहेबांना कधीच नीट ऐकू येत नसे. पानाच्या कडा कसरीने खाल्ल्या होत्या. नाव, जन्मतारीख, जात मात्र काळ्या शाईत स्वच्छ होती.

मुलीने आनंदाने त्या पानाचे मोबाइलवर छायाचित्र घेतले.

"छान आले," भाऊसाहेब म्हणाले, "पण बाळ, आता हे ठेवणार कशात?"