किलोमीटरला किती रुपये?

यंदा माघ पौर्णिमेला गोंदियाहून कचारगडला पायी जायचं आणि त्या चालण्यावर देणगी गोळा करायची, असा बेत आपल्याकडच्या काही पोरांनी आखलाय. आमगाव, सालेकसा करत धनेगाव. पन्नास-पंचावन्न किलोमीटर, दोन दिवस. ओळखीपाळखीच्यांनी किलोमीटरमागे दहा, वीस, पन्नास, जमेल तेवढे कबूल करायचे. पोरं जेवढी चालतील तेवढे द्यायचे. जमलेल्या पैशातून यात्रेत बायांसाठी तात्पुरती संडासं आणि पिण्याच्या पाण्याच्या टाक्या. कल्पना विलायतेतली आहे. त्यांच्यातल्या एकाचा भाऊ तिकडे नोकरीला आहे, तो असाच कुठल्याशा हॉस्पिटलसाठी चालला होता. पोरांनी मला विचारलं, "दादा, बातमी लावाल का?" बातमी लावीन. पण त्याआधी इथं थोडं लिहितो, कारण दोन दिवस हा विषय डोक्यातून जात नाहीये.

इंग्लंडात हा प्रकार घरोघरी माहीत आहे. 2020 साली कोरोनात कॅप्टन टॉम मूर नावाचा 99 वर्षांचा निवृत्त फौजी वॉकर धरून आपल्याच अंगणात शंभर फेऱ्या मारायला निघाला. अंगण पंचवीस मीटरचं. मागितले होते हजार पाउंड, जमले तीन कोटी वीस लाखांच्या वर. ते सरकारी दवाखान्यांसाठी काम करणाऱ्या धर्मादाय संस्थांना गेले. (नंतर त्याच्या नावाने कुटुंबाने जी वेगळी संस्था काढली, तिच्या कारभारावर तिथल्या धर्मादाय आयोगाने 2024 मध्ये कडक ताशेरे ओढले. पोरांनो, हिशेबाची वही पहिल्या दिवसापासून ठेवा.)

पण तिकडे शेतांतून, कुरणांतून माणसं बिनधास्त चालतात, त्या वाटा काही देणगीत मिळाल्या नाहीत. 24 एप्रिल 1932 ला मँचेस्टरकडची शेकडो कामगार पोरं किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर मुद्दाम घुसली. डोंगर जमीनदारांचा, शिकारीसाठी राखलेला. पाच जण तुरुंगात गेले. 1949 मध्ये कायदा झाला, 1965 मध्ये त्याच डोंगरभागातून साधारण 430 किलोमीटरची पेनाइन वे ही पायवाट लोकांसाठी खुली झाली. आज त्या वाटेवर कोणी कॅन्सरसाठी चालतो, कोणी अनाथ मुलांसाठी. आधी हक्क चालत आला, दानधर्म मागाहून.

आता आपलं कचारगड.

बाहेरगावच्या मित्रांसाठी सांगतो. दरेकसा स्टेशनच्या पुढे, धनेगावच्या वरच्या डोंगरात ही मोठी गुफा आहे. कथा अशी सांगतात की माता कली कंकालीच्या तेहतीस मुलांना या गुफेत कोंडलं होतं. तोंडावर भलीमोठी शिळा. पारी कुपार लिंगो आणि रायताड जंगो यांनी मुलांना सोडवायचं ठरवलं. हिरासुका पाटालीर नावाच्या वादकाने किंगरी वाजवत वाजवत शिळा हटवली आणि तो स्वतः तिच्याखाली गेला. त्या मुलांपासून कोया पुनेमचा, म्हणजे गोंडी धर्माचा विस्तार झाला. त्यामुळे गोंड माणूस इथं फिरायला येत नाही, मूळ शोधायला येतो.

आज लाखोंनी लोक येतात. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, ओडिशा, कुठून कुठून. पण 1980 च्या दशकात इथं यायला सुरुवात केली ती मोजक्या लोकांनी. त्यात मोतीरावण कंगाली होते, रिझर्व्ह बँकेत नोकरी करत गोंडी भाषेवर आयुष्य घालवलेले. 'गोंडवाना दर्शन' मासिक चालवणारे सुन्हेरसिंह ताराम होते. त्या चालण्यावर कोणी किलोमीटरमागे पैसे लावले नव्हते. आम्ही कोण, आमचं देवस्थान कुठं, हे सांगायला ते चालत गेले. दोघंही आता नाहीत, यात्रा आहे.

मी पंधरा-सोळा वर्षं ही यात्रा कव्हर करतो. पुढाऱ्यांची भाषणं बहुतेक विसरलो. लक्षात राहिली ती माणसं. रेल्वेतून उतरून डोक्यावर गाठोडं घेऊन चालणाऱ्या बाया, खांद्यावर पोर, हातात सप्तरंगी झेंडा. एका वर्षी कोरचीकडच्या एका आजीला मी विचारलं, जेवणाचं काय करता? म्हणाली, "तांदूर आमचा आमी आनतो बाबू. पानी तं गावचंच पेवा लागते."

तांदूळ आपला, पाणी गावचं. यात कोण दाता आणि कोण याचक, सांगा. धनेगावच्या माणसाला विचारा, पाहुण्याला पाणी दिलं त्याला तो दान म्हणतो का.

म्हणून पोरांच्या बेतातली एक गोष्ट मला खुपते. पाणी आणि संडास हे लाखोंच्या यात्रेत सरकारचं काम आहे. मंचाला मांडव पडतो, व्हीआयपींच्या गाड्यांसाठी जागा सपाट होते, हेलिपॅडची चर्चा होते. मग बायांच्या आडोशासाठी वर्गणी का? एकदा पोरांनी पैसे जमवून टाक्या बसवल्या की पुढच्या वर्षी कोणीतरी साहेब म्हणेल, "ते सामाजिक संस्थावाले करतात ना." हे मी दुसऱ्या कामांत डोळ्यांनी पाहिलंय. लोकांनी हौसेने केलं, ते कायमचं लोकांच्याच गळ्यात पडलं.

आणि तरी, दुसरी बाजूही खरी आहे. पोरांतलीच एक मुलगी मला सरळ बोलली, "दादा, तुमचं निवेदन मंजूर होईपर्यंत बायांनी काय करायचं?" उत्तर नव्हतं माझ्याजवळ. माघातल्या थंडीत, अंधार असतानाच बाया उठून शेतात जातात. त्यांना हक्क आणि दान यातला फरक समजावणारा मी कोण?

मला मार्च 2018 चा नाशिक-मुंबई मोर्चा आठवला. आदिवासी शेतकरी, फाटलेले पाय, 180 किलोमीटर. दहावीच्या पोरांची परीक्षा बिघडू नये म्हणून शेवटचा टप्पा ते रात्री चालले. मुंबईकरांनी त्यांना पाणी दिलं, बिस्किटं दिली, चपला दिल्या. शेतकऱ्यांनी त्या घेतल्या, आणि वनजमिनीच्या पट्ट्यांची मागणी एक इंचही कमी केली नाही. चप्पल पायात, मागणी तोंडात.

तसंच करा, असं मी पोरांना सांगितलंय. चाला. पैसे गोळा करा, यंदाच्या टाक्या आणि आडोसे लावा. पण प्रत्येक टाकीवर देणगीदाराचं नाव नको, "हे काम प्रशासनाचं आहे, यंदा लोकांनी केलं" एवढंच लिहा. आणि निघण्याआधी धनेगावच्या लोकांना भेटा. यात्रा त्यांच्या अंगणात भरते. टाकी कुठं ठेवायची, पाणी कुठून भरायचं, नंतर कचरा कोण उचलणार, हे त्यांना विचारल्याशिवाय ठरवू नका. परतताना रिकाम्या बाटल्या डोंगरावरून खाली आणा. जेवढा खर्च होईल तो पै न पै लिहून, बिलांसकट, मागणीचं पत्र जिल्हाधिकारी कार्यालयात द्या. पुढच्या वर्षी ही रक्कम सरकारी तरतुदीत दिसली पाहिजे. त्या पत्राची पोच मी इथंच टाकीन, आणि उत्तर आलं नाही तर दर महिन्याला पुन्हा टाकीन.

माझे किलोमीटरमागे वीस रुपये धरा. आमगावपर्यंत सोबत चालतो. पुढे गुडघे काय म्हणतात ते बघू.

जय सेवा.