सात मिलिमीटरांचा उजेड

नागपुरातील सक्करदरा तलावाच्या काठी दिवस मावळत होता. आजोबा आणि त्यांचा बारा वर्षांचा नातू पाण्याकडे तोंड करून बसले होते. मध्ये दोन दुर्बिणी. एक नातवाने बक्षिसाच्या पैशांतून घेतलेली, खिशात मावणारी. दुसरी आजोबांच्या वडिलांची, काळी, चांगली किलोभर वजनाची. तिन्हीसांजेला जनावर पाण्यावर येते, तेव्हा ते ओळखू यावे म्हणून ती शिकारीसाठी घेतली होती. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्याआधीच घरातील बंदूक गेली होती. दुर्बीण तेवढी राहिली.

"माझी दहापट मोठे दाखवते, तुमची सातपटच!" नातू म्हणाला.

"अंधार पडू दे," आजोबा म्हणाले.

पलीकडच्या झाडावर रातबगळा बसला होता. नव्या दुर्बिणीतून तो राखी डागासारखा दिसला, आणि दहापट वाढलेल्या हाताच्या कंपाने तोही नाचू लागला. जुन्या दुर्बिणीतून मात्र त्याची काळी पाठ आणि पांढुरके पोट स्पष्ट दिसले.

आजोबांनी दोन्हींवरील आकडे दाखविले : १०×२५ आणि ७×५०. पहिला आकडा किती पट ते सांगतो. दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरांत. दुसऱ्याला पहिल्याने भागले की डोळ्याशी येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी कळते. नवीची अडीच, जुनीची सात. डोळ्याची बाहुली भर उन्हात दोन-तीन मिलिमीटर असते, म्हणून दिवसा हा भेद जाणवत नाही. अंधारात ती तरुणपणी सुमारे सातापर्यंत उघडते. दुकानातल्या लखलखाटात दुर्बीण निवडणारा फसतो तो येथेच!

"आता तुम्ही पाहा ना," नातू म्हणाला.

आजोबांनी दुर्बीण डोळ्यांना लावली, बराच वेळ धरली, आणि खाली ठेवली. "वयाबरोबर बाहुली पुरती उघडेनाशी होते, बाळ. माझी पाच उघडली तरी पुष्कळ. उरलेला उजेड बाहेरच सांडतो."

नातवाने काडीने मातीत भागाकार मांडला. "मग तुम्हांला ८×४० पुरेल. बरोबर पाच! आणि वजनालाही हलकी."

"पुरेल," असे म्हणून आजोबांनी जुन्या दुर्बिणीचा पट्टा त्याच्या गळ्यात घातला. पलीकडचे झाड आता त्यांना दिसत नव्हते.

"आहे का रे अजून?"

"आहे. मान आखडून बसलाय. आता पंख पसरले... उडाला, आजोबा!"

पाण्यावरून एक घोगरा आवाज गेला. तो मात्र दोघांनाही ऐकू आला.