लायडनचं कापड, लालबागचं विद्यापीठ

लायडनला लोक जातात ते विद्यापीठासाठी. 1575 साली सुरू झालेलं, नेदरलँड्समधलं सगळ्यात जुनं विद्यापीठ. भाची तिथे शिकायला होती, म्हणून मीही गेलो. रापेनबुर्ख कालव्याच्या काठावरची विद्यापीठाची इमारत पाहिली, तिच्यामागची 1590 पासूनची वनस्पतींची बाग पाहिली. कामरलिंग ओनेस यांनी 1908 साली हेलियम पहिल्यांदा द्रवरूपात आणला तो याच गावात, हेही भाचीने अभिमानाने सांगितलं. सगळं आवडलं. पण माझा जन्म लालबागच्या चाळीतला, त्यामुळे पाय खिळले ते लाकेनहालमध्ये.

लाकेनहाल ही 1640 च्या सुमाराची इमारत. विणकर आपलं लोकरी कापड इथे आणत, तपासनीस ते पाहत आणि माल पसंत पडला की त्याला शिशाचा शिक्का लावत. तो शिक्का म्हणजे लायडनची अब्रू. त्या काळात हे युरोपातल्या मोठ्या कापडगावांपैकी एक होतं. युद्धाला आणि छळाला कंटाळून फ्लँडर्समधले विणकर इथे आले, आणि शंभरेक वर्षांत बारा हजारांची वस्ती सत्तर हजारांच्या घरात गेली. माणसं कोंदट घरांत राहायची, पोरंही सूत कातायला बसायची. 1600 च्या आसपास इसाक व्हान स्वानेनबुर्ख यांनी काढलेली मोठाली चित्रं तिथे टांगली आहेत. लोकर निवडणारे, कातणारे, विणणारे सगळे कामात गढलेले. मागावर वाकलेल्या माणसापुढे मी बराच वेळ उभा राहिलो. भाची म्हणाली, "मामा, आजोबा असेच उभे राहायचे का?" माझे वडील साचेखात्यात होते. मी नुसती मान हलवली.

आमच्याकडे हीच गोष्ट अडीचशे वर्षांनी घडली. 1854 साली कावसजी दावर यांनी कापडगिरणीची कंपनी काढली, ताडदेवला गिरणी उभी राहिली, आणि मग परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा असं गिरणगाव पसरत गेलं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, कोल्हापूरकडून माणसं आली. गावकीच्या खोलीत एका वळकटीवर पहिल्या पाळीचा उठायचा आणि रातपाळीचा टेकायचा. सकाळी भोंगा झाला की घड्याळाची गरज नसे. बाया खानावळी चालवायच्या, महिन्याचा हिशेब पगाराला. हे सगळं पुष्कळांनी लिहिलं आहे. कमी लिहिलं गेलं ते आमच्या शिकण्याबद्दल.

कारण गिरणगाव हेही एक विद्यापीठच होतं, त्याला फक्त इमारत नव्हती. नारायण मल्हार जोशी यांनी 1911 साली सोशल सर्व्हिस लीग काढली आणि कामगारांसाठी रात्रशाळा, वाचनालयं उभी राहिली. आमच्या मजल्यावर पाळी संपवून, अंघोळ करून, पिशवीत वही घालून शाळेत जाणारे तिशीतले बाप्ये होते. घरात जागा नाही म्हणून पोरं गॅलरीतल्या दिव्याखाली अभ्यास करायची. दहावीचं वर्ष असलं की शेजारी आपणहून रेडिओ हळू करायचे. दामोदर हॉलला कामगारांची नाटकं, गल्लीच्या तोंडाशी शाहिरांचे फड, युनियनच्या सभेत अर्थशास्त्र. त्याच परळमध्ये बीआयटी चाळीच्या खोल्यांत राहून बाबासाहेब आंबेडकरांनी किती वर्षं वाचन केलं! आणि गिरणीकामगाराच्या घरात वाढलेल्या नारायण सुर्व्यांनी 1966 साली आपल्या कवितासंग्रहाला नावच दिलं 'माझे विद्यापीठ'. ते शीर्षक वाचताना आम्हाला काही समजावून घ्यावं लागलं नाही.

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. त्यानंतरचं आमच्या घरातलं वर्ष-दीड वर्ष मला इथे लिहायचं नाही. पुढे गिरण्यांच्या जमिनींचा प्रश्न आला. 1991 च्या नियमाने जमिनीचे तीन वाटे करायचे होते: शहराला मोकळी जागा, म्हाडाला घरांसाठी, आणि उरलेला मालकाला. 2001 च्या दुरुस्तीने वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली, आणि 2006 साली सर्वोच्च न्यायालयानेही ती मान्य केली. शहराच्या आणि कामगाराच्या वाट्याला काय आलं, ते लोअर परळच्या पुलावरून दिसतं. फिनिक्स गिरणीची चिमणी उभी आहे, पण तिच्याभोवती खरेदी करणाऱ्या मुलांना तिचा धूर कुठल्या खात्यातून यायचा हे सांगणारी साधी पाटीही माझ्या नजरेला पडली नाही.

लायडनच्या गिरण्याही टिकल्या नाहीत. विसाव्या शतकात त्या एकेक करून बंद झाल्या, तिथल्या विणकरांचीही रोजी गेली. ते गाव काही दुःखातून सुटलं नाही. पण कापडाची इमारत 1874 पासून संग्रहालय आहे आणि शाळेतली पोरं तिथे येऊन जमिनीवर बसून चित्रं काढतात. विधवा, म्हातारी, गरीब माणसं यांच्यासाठी बांधलेली हॉफ्ये अजून तीसच्या वर आहेत: रस्त्यावर लहानसं दार, आत गेलं की अंगण आणि चहूबाजूंनी बैठी घरं. गिरगावातल्या वाडीत शिरल्यावर रहदारीचा आवाज एकदम मागे पडतो, तसंच वाटलं. 1992 पासून गावच्या भिंतींवर जगभरातल्या कविता ज्या त्या भाषेत, ज्या त्या लिपीत रंगवल्या आहेत, शंभराच्या वर. आणि 3 ऑक्टोबरला, 1574 च्या वेढ्यातून गाव सुटलं त्या दिवशी, आजही हेरिंग मासे आणि पांढरा पाव वाटतात. बाहेर गेलेली माणसं त्या दिवशी परततात. लालबागला ती गणपतीत परततात: डोंबिवली, विरार, बदलापूरहून, गणेशगल्लीच्या मांडवात, आणि जुन्या चाळीच्या जागी उभ्या टॉवरखाली थांबून आपला मजला कुठवर होता ते नातवंडांना हाताने दाखवतात.

काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर वस्त्रोद्योगाचं संग्रहालय करायचं महापालिकेने ठरवलं, त्यालाही बरीच वर्षं झाली. त्यात साचे ठेवतील, ते हवेतच. मला त्यासोबत बदली कामगाराचं कार्ड हवं आहे, खानावळवालीची हिशेबाची वही हवी आहे, रात्रशाळेचं हजेरीपुस्तक हवं आहे. बाहेरच्या भिंतीवर सुर्व्यांची एखादी अख्खी कविता, रस्त्यावरून जाणाऱ्याला वाचता येईल एवढ्या अक्षरांत. आणि आवाज. संपाच्या वेळी पंचविशीत असलेला साचेवाला आज सत्तरीच्या आसपास आहे. साचा कसा चालतो, धागा तुटला हे कानाला कसं कळतं, हे तो अजून सांगू शकतो. रेकॉर्डर घेऊन त्याच्या डोंबिवलीच्या घरी जायचं काम संग्रहालयाची इमारत पुरी होण्याआधी करायचं आहे.