बारा हातांची वडी

मित्रांनो, हा लेख वाचण्याआधी एक छोटंसं काम करा. स्वयंपाकघरात जा आणि आईला विचारून मसाल्याचा डबा उघडा. खड्या मसाल्याचा हं, फोडणीचा नव्हे. दालचिनीचा तुकडा, दोन लवंगा, एक वेलदोडा आणि जायफळ तळहातावर घ्या आणि डोळे मिटून वास घ्या. काय आठवलं? पुरणपोळी? दिवाळीतलं श्रीखंड? की गोडा मसाला भाजताना घरभर सुटणारा खमंग वास?

मला मात्र या वासानं बर्फासारखी थंडी आठवते! कारण हाच वास मला एका डिसेंबरात जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरात भेटला. तिथे मी माझ्या भावाकडे गेले होते. म्युनिकहून वेगवान गाडीनं सव्वा तासात न्यूरेंबर्गला पोचलो. दुपारचे सव्वाचार वाजले होते, आणि सूर्य चक्क मावळत होता! नाक गारठलेलं, हातमोज्यांतली बोटं बधिर. जुन्या शहरात शिरून, पेग्निट्झ नावाची छोटी नदी ओलांडून आम्ही मुख्य चौकात आलो आणि मी थबकलेच. अहो, हा तर आमच्या घरातल्या पुरणाच्या कढईचा वास!

पुरण कुठून असणार तिथे? तो वास होता ‘लेबकुखेन’चा. मध, बदाम आणि मसाले घालून भाजलेली, वरून साखरेचा पांढरा पाक फासलेली ही नाताळची मिठाई. हाताच्या पंजाएवढी गोल असते, नाहीतर आपल्या वडीसारखी चौकोनी. ती केकसारखी भुसभुशीत नसते आणि बिस्किटासारखी कुरकुरीतही नसते. दाताला जरा चिवट लागते आणि मग मध जिभेवर विरघळतो. पाठोपाठ लवंग हलकेच चिमटा काढते.

लाकूड आणि कापडाचं गाव

त्या चौकात दर वर्षी नाताळचा बाजार भरतो. त्याचं नाव क्रिस्टकिंडल्समार्क्ट. एकदा म्हणून बघा, जीभ अडखळते की नाही! संग्रहालयात एक लाकडी डबी आहे. तिच्यावर 1628 साल घालून या बाजाराचा उल्लेख केलेला आहे. म्हणजे आपल्या शिवरायांच्या जन्माच्याही आधी हा बाजार भरत होता.

सुमारे 180 लाकडी दुकानं, त्यांवर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं कापड. म्हणून लोक त्याला कौतुकानं लाकूड-कापडाचं गाव म्हणतात. प्लास्टिकची झगमग जवळजवळ नाहीच. एका दुकानात सुकवलेल्या आलुबुखाऱ्यांची इवली इवली माणसं मांडली होती. कोणी धुराडं साफ करणारा, कोणी बँडवाला, कोणी आजीबाई! अंग सगळं सुकामेव्याचं.

चौकाच्या एका बाजूला फ्राउएनकिर्ख नावाचं चर्च आहे. त्याच्या दर्शनी भिंतीवर 1509 सालचं घड्याळ आहे. दुपारचे बारा वाजले की सात राजपुरुषांच्या बाहुल्या बाहेर येतात आणि मधोमध बसलेल्या सम्राट चौथ्या कार्लभोवती फेऱ्या मारतात. दुसऱ्या दिवशी बारा वाजता आम्ही माना वर करून उभे होतो, आणि आमच्या आजूबाजूची सगळी मोठी माणसंही लहान मुलांसारखी आ वासून बघत होती.

मध जंगलातला, मसाला कुठला?

आता खरा प्रश्न. दालचिनी, लवंग, जायफळ यांतलं काहीच जर्मनीत उगवत नाही. तिथली थंडी ही झाडं एक रात्रसुद्धा सोसणार नाहीत. मग ही वडी तिथली कशी झाली?

निम्मं उत्तर शहराभोवतीच्या जंगलात आहे. त्या काळी साखर फार महाग. गोडासाठी मधच वापरायचा, आणि न्यूरेंबर्गच्या जंगलात मध भरपूर. तिथल्या मधपाळांना 1350 साली सम्राटानं खास हक्क दिले होते. त्या जंगलाला साम्राज्याची ‘मधमाश्यांची बाग’च म्हणत.

उरलेलं निम्मं उत्तर आपल्या बाजूला आहे. मिरी आपल्या मलबारातली, दालचिनी श्रीलंकेची, लवंग आणि जायफळ त्याहून पूर्वेकडच्या, आजच्या इंडोनेशियातल्या बेटांवरचं. हा माल जहाजांतून अरबी समुद्र ओलांडायचा. मग तांबडा समुद्र, इजिप्त, तिथून व्हेनिस, आणि शेवटी आल्प्स पर्वतांच्या खिंडींतून खेचरांच्या पाठीवर न्यूरेंबर्ग! व्यापारी रस्ते या शहरात एकमेकांना छेदायचे. इथले व्यापारी मसाल्यांवर इतके गबर झाले, की लोक त्यांना ‘मिऱ्यांची पोती’ म्हणून चिडवायचे.

न्यूरेंबर्गच्याच मार्टिन बेहाइमनं 1492 साली पृथ्वीचा गोल करवून घेतला. आज शिल्लक असलेला हा जगातला सर्वांत जुना पृथ्वीगोल, शहरातल्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मी तो बघायला गेले आणि सवयीनं अमेरिका शोधू लागले. सापडेना! सापडणार कशी? कोलंबस त्याच वर्षी निघाला होता. पण मौज पुढेच आहे. या गोलावर मसाल्यांविषयी एक लांबलचक मजकूर लिहिलेला आहे. पूर्वेच्या बेटांवरून निघालेला मसाला आपल्याकडे पोचेपर्यंत बारा हातांतून जातो, प्रत्येक ठिकाणी जकात आणि नफा चढत जातो आणि म्हणूनच तो एवढा महाग पडतो, असा त्याचा आशय आहे. बारा हात! तेव्हापासून मी या मिठाईला मनात ‘बारा हातांची वडी’च म्हणते.

इथल्या लेबकुखेन करणाऱ्यांची पहिली नोंद 1395 सालची आहे. 1643 साली त्यांचा स्वतंत्र संघ झाला. असंही सांगतात, की 1487 साली सम्राट तिसऱ्या फ्रेडरिकनं शहरातल्या सुमारे 4000 मुलांना बोलावून प्रत्येकाला आपलं चित्र छापलेली लेबकुखेन वाटली. मुलांनी सम्राटाचं नाक आधी खाल्लं की टोपी, ते मात्र इतिहासानं लिहून ठेवलेलं नाही!

1996 पासून युरोपात कायदाच आहे, की न्यूरेंबर्ग शहरात झालेल्या लेबकुखेनलाच ‘न्यूरेंबर्गची’ म्हणायचं. आपल्याकडे अस्सल हापूस कुठला, यावरून नियम आहेत ना, तसंच. तिची सर्वांत उंची जात म्हणजे ‘एलिझेन’. तिच्यात बदाम, अक्रोड, हेझलनट मिळून निदान 25 टक्के लागतात, आणि पीठ जास्तीत जास्त 10 टक्के. मिश्रण इतकं चिकट, की ते पिठाच्या पातळ पांढऱ्या चकतीवर थापून भाजतात. चर्चमध्ये प्रसाद म्हणून देतात तशीच ही चकती. मठांतल्या साधूंनी ही युक्ती काढली असं म्हणतात.

सोनेरी मुकुटाची मुलगी

बाजाराचं उद्‌घाटन कोण करतं, ठाऊक आहे? महापौर नव्हे, नट-नटीही नव्हे. शहरातली एक मुलगी! तिला ‘क्रिस्टकिंड’ म्हणतात. सांताक्लॉजऐवजी तिथे मुलांना भेटी आणणारं हे रूप. दर दोन वर्षांनी निवड होते. अटी ऐका: वय 16 ते 19, उंची निदान 1 मीटर 60 सेंटिमीटर, आणि उंचावर चक्कर येता कामा नये! कारण सोनेरी मुकुट आणि सोनेरी-पांढरा झगा घालून तिला चर्चच्या सज्जात उभं राहावं लागतं, आणि खाली हजारो लोक माना वर करून ऐकत असतात.

2019 साली निवडून आलेली मुलगी 17 वर्षांची होती. न्यूरेंबर्गमध्येच जन्मलेली. आई जर्मन आणि वडील मूळचे भारतातले. काळे केस, सावळा रंग. लगेच एका राजकीय पक्षाच्या स्थानिक शाखेनं तिच्या फोटोखाली टोमणा मारला. ‘ही आपली कशी?’ असाच त्याचा अर्थ होता.

हा प्रश्न या शहरात फार जड आहे, मित्रांनो. ज्या चौकात हा गोड बाजार भरतो, तिथे पूर्वी ज्यू लोकांची वस्ती होती. 1349 साली ती उद्ध्वस्त केली गेली, शेकडो माणसं मारली गेली आणि त्यांच्या प्रार्थनास्थळाच्या जागेवर ते सुंदर घड्याळाचं चर्च उभं राहिलं. परवानगी कोणाची होती? घड्याळातल्या त्याच सम्राट कार्लची! पुढे हिटलरच्या पक्षाचे प्रचंड मेळावे याच शहरात भरले, आणि 1935 साली ज्यूंचे नागरिकत्वाचे हक्क काढून घेणारे कायदे इथेच जाहीर झाले. ‘हे आपले नव्हेत’ या एका वाक्यानं केवढा अनर्थ केला! 2 जानेवारी 1945 च्या बॉम्बहल्ल्यात जुनं शहर जवळजवळ सगळं जमीनदोस्त झालं. युद्ध संपल्यावर नाझी पुढाऱ्यांवर खटले चालले तेही इथेच. 1948 साली बाजार पुन्हा भरला, तेव्हा आजूबाजूला पडक्या भिंती होत्या.

म्हणून 2019 साली लोक गप्प बसले नाहीत. शहर त्या मुलीच्या बाजूनं उभं राहिलं. देशभरातून पाठिंबा आला. टोमणा मारणाऱ्यांना तो काढून टाकून माफी मागावी लागली. आणि 29 नोव्हेंबरच्या संध्याकाळी ती मुलगी सज्जात उभी राहिली आणि तिनं बाजार उघडला.

मला वाटतं, टोमणा मारणाऱ्यांनी हातातली लेबकुखेन जरा नीट हुंगायला हवी होती. मध तिथला आणि मसाला समुद्रापलीकडचा. यातलं एक काढा, की ती वडी राहते का?

आता आपण करू या

परत आल्यावर मी घाईघाईनं घरी प्रयोग केला आणि पहिला घाणा असा झाला, की खलबत्त्यात कुटावा लागला! कारण मी वड्या खूप वेळ भाजल्या होत्या. मधाचे पदार्थ भट्टीतून काढताना मऊच असतात, निवल्यावर घट्ट होतात. ही चूक तुम्ही करू नका. खाली दिलेली रीत सोपी आहे, घरगुती आहे आणि बिनअंड्याची आहे. भट्टीचं आणि गरम भांड्यांचं काम मात्र मोठ्यांच्या हातानंच.

साहित्य: मैदा 250 ग्रॅम, मध 150 ग्रॅम, किसलेला गूळ 100 ग्रॅम, लोणी 50 ग्रॅम, बदामाची भरड 100 ग्रॅम, दही 125 ग्रॅम, दूध पाव कप, खायचा सोडा 1 लहान चमचा. मसाला: दालचिनीपूड 1 लहान चमचा, सुंठ आणि वेलचीपूड अर्धा-अर्धा चमचा, लवंगपूड आणि जायफळ पाव-पाव चमचा. शिवाय एका संत्र्याची किसलेली साल (फक्त नारिंगी भाग, पांढरा कडू लागतो). वरच्या थरासाठी पिठीसाखर 150 ग्रॅम आणि लिंबाचा रस 2 मोठे चमचे.

मध, गूळ आणि लोणी मंद आचेवर विरघळेपर्यंत गरम करा. उकळू नका. कोमट होऊ द्या. मैदा, सोडा आणि मसाले एकत्र चाळून घ्या, त्यात बदामाची भरड आणि संत्र्याची साल मिसळा. आता मधाचं मिश्रण, दही आणि दूध घालून चमच्यानं कालवा. पीठ घट्टसर, चमच्यावरून संथपणे पडणारं हवं. 20 सेंटिमीटरच्या चौकोनी ट्रेला तूप लावून त्यात पसरा. आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये 180 अंशांवर 25 मिनिटं भाजा. सुरीचं टोक खुपसून बघा. ते कोरडं निघालं की झालं, पुढे एक मिनिटही नको.

ओव्हन नसेल तर? कुकरच्या तळाशी मिठाचा थर द्या, वर जाळी ठेवा, शिट्टी आणि रिंग काढून झाकण लावा आणि दहा मिनिटं तापवा. मग निम्म्या मिश्रणाचा गोल डबा आत ठेवून मंद आचेवर 35 ते 40 मिनिटं भाजा. कुकरमध्ये पाणी घालायचं नाही, हे विसरू नका.

पिठीसाखरेत लिंबाचा रस थोडा थोडा घालत दाट पाक घोटा. वड्या कोमट असतानाच तो वर पसरा. ऊन पृष्ठभागावर तो पातळ, चकचकीत पसरतो आणि निवताना पांढराशुभ्र गोठतो. थर सुकला की सहा उभ्या आणि चार आडव्या रांगा पडतील असं कापा. 24 वड्या होतील.

आणि आता सगळ्यांत अवघड भाग: लगेच संपवू नका! घट्ट झाकणाच्या डब्यात दोन दिवस ठेवा. मसाले मुरतात आणि चव दुप्पट होते. वड्या कडक वाटल्या तर डब्यात सफरचंदाची एक फोड रात्रभर ठेवा. सफरचंदाचा ओलावा वड्या शोषून घेतात आणि मऊ होतात. ही जर्मन आज्यांची युक्ती आहे बरं का!

जायफळाची झाडं आता आपल्या कोकणातही नारळाच्या सावलीत वाढतात. तेव्हा तुमच्या वडीला कदाचित बारा हात लागणार नाहीत. पण शेतकरी, हमाल, वाणी, मधपाळ, गवळी असे मोजत गेलात, तर पुष्कळ हात निघतील. मोजून बघा. आणि डबा उघडाल तेव्हा वर्गात जो मुलगा किंवा मुलगी नवीन आली असेल, अजून कोणाच्या डब्यात जिचा हात गेला नसेल, तिला पहिली वडी द्या.