सुटणारं सूत

विजयदुर्गच्या जेटीवर तिन्हीसांजेला गरवायला माणसं बसतात. परवा त्यांतल्या एकाच्या हातात पाण्याची रिकामी बाटली होती, तिच्यावर तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, गुंडाळलेला. त्याने शिसं आणि गरी डोक्यावरून गरागरा फिरवली, सोडली आणि त्याच क्षणी बाटलीचं बूड समुद्राकडे रोखलं. तंगुसाचे वेढे बाटलीवरून एकामागोमाग घसरत निघाले. बाटली मुठीत जिथल्या तिथे, तसूभरही न फिरता. शिसं लांब ओघात जाऊन पडलं.

शेजारी कॉलेजातला एक मुलगा कोऱ्या रिळाशी झटत होता. त्याचं शिसं बरंच अलीकडे पडत होतं. मी बघतोय हे लक्षात आल्यावर त्याने रीळच माझ्या हातात दिलं. "काका, नऊ बेअरिंगचं आहे हे. तरी असं का होतं?"

मी हँडल फिरवून पाहिलं. गुळगुळीत फिरत होतं. दोरी मात्र स्पूलच्या काठापासून बोटभर खाली होती. प्रत्येक फेकीला ती काठावर घासून वेग गमावत होती. काठाशी दोन-तीन मिलिमीटर जागा राहील इतकी दोरी भर, एवढंच मी त्याला सांगितलं. पण डोक्यात बाटलीच घोळत राहिली. तिच्यात एकही बेअरिंग नव्हतं, आणि स्पिनिंग रिळाचं मूळ तत्त्व तिच्यात अख्खं होतं: दोरी धरणारी वस्तू थांबलेली राहते, दोरी तिच्या टोकावरून सुटत जाते.

हे तत्त्व मला पहिल्यांदा दाखवलं थोरल्या मामांनी, आणि तेही समुद्राचं तोंड न बघता.

मामा लालबागच्या एका गिरणीत साचेवाले, म्हणजे माग चालवणारे, होते. गणपतीला गावी आले की त्यांची पत्र्याची पेटी उघडण्याचा मान आम्हा मुलांचा. तिच्यात धोतर, सदरे, खोबरेल तेलाची बाटली, आणि तळाशी फडक्यात गुंडाळलेला एक धोटा. जुना, साच्यावरून उतरवलेला. दोन्ही टोकांना लोखंडी चोची, मधे पोकळी, आणि पोकळीत बसवलेली कांडी. बुडाशी जाड, टोकाकडे निमुळती, अंगावर बारीक खाचा पाडलेल्या. लाकूड हातांनी इतकं घासलेलं की त्याला चिंचोक्यासारखी तकाकी आलेली. कांडीवर थोडं सूत अजून शिल्लक होतं. मामा पडवीत बसायचे, धोटा मांडीवर घ्यायचे आणि सुताचं टोक माझ्या बोटांत देऊन म्हणायचे, "ओढ."

मी हळू ओढलं की सूत हळू येई. हिसका दिला की हिसक्याने येई, तुटत नसे. कांडी मात्र जागची हलत नसे. मग मामा घरातलं शिवणाचं रीळ मागवून घेत, ते काडीवर अडकवत आणि त्याचा दोरा ओढायला लावत. हिसका दिला की रीळ गरकन फिरायचं आणि ओढणं थांबल्यावरही फिरतच राहायचं. सुटलेला दोरा त्याच्याच भोवती गुरफटायचा. मामा तो गुंता माझ्यासमोर धरत आणि म्हणत, "जा फिरता ता गुंतता. जा सुटता ता गुंतणा नाय."

साच्यावर धोटा इकडून तिकडे फेकला जातो, थांबतो, पुन्हा फेकला जातो. एका मिनिटात कितीतरी वेळा. प्रत्येक फेकीत सुताने क्षणात वेग घ्यायचा आणि क्षणात थांबायचं. कांडी फिरणारी असती तर तिला गती द्यायला सुताला जोर लावावा लागला असता आणि सूत तुटलं असतं. थांबताना कांडी पुढे फिरत राहिली असती आणि सगळा गुंता झाला असता. म्हणून कांडी धोट्यात घट्ट बसवायची आणि सूत टोकावरून सोडायचं. सुताला फक्त स्वतःचं वजन वाहायचं असतं. मामांचं शिक्षण गावच्या शाळेपुरतं. पण हे त्यांनी ज्या नेटकेपणाने दाखवलं, तसं पुढे मला कुठल्या मास्तरांनी दाखवलं नाही.

मग कधीतरी वाचनात आलं की स्पिनिंग रिळाचा जन्मही गिरणीवाल्याच्याच डोक्यातून झाला. इंग्लंडातल्या ब्रॅडफर्ड या लोकरीच्या गावचा आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ. त्याने 1905 साली आपल्या रिळाचं पेटंट घेतलं. गिरणीतल्या बॉबिनवरून सूत सुटताना पाहून त्याला हे सुचलं, असं सांगतात. त्याच्या आधी, 1884 मध्ये, स्कॉटलंडमधल्या पर्थच्या मॅलकने एक रीळ केलं होतं. ते फेकताना आडवं वळवायचं, म्हणजे दोरी टोकावरून सुटे, आणि गुंडाळताना पुन्हा सरळ करायचं. इलिंगवर्थने स्पूल कायमचं आडवं ठेवलं आणि दोरी गुंडाळणारा भागच त्याच्याभोवती फिरता केला. त्यामुळे हलकं आमिषसुद्धा लांब जाऊ लागलं. आज दोरी पकडून स्पूलभोवती फिरणारी जी तारेची कमान आपण बेल म्हणून ओळखतो, ती पुढे 1932 मध्ये हार्डी कंपनीच्या आल्टेक्स रिळावर पुरी झाली.

हे वाचलं तेव्हा मामा गावातच होते. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला आणि पुढे हजारो माणसं कोकणात परतली, त्यांतलेच ते एक. मुंबईत असताना सुट्टीच्या दिवशी ते वरळीच्या खडकांवर गरवायला जात. गावी आल्यावर वाघोटणची खाडी मिळाली. त्यांच्याकडे रीळ नव्हतं. बांबूची काठी, तंगूस, आणि तंगूस गुंडाळायला साधी लाकडी दांडी. फेकताना ती दांडी ते कायम टोकाने समुद्राकडे धरत. मी इलिंगवर्थची गोष्ट सांगितली तर फारसं आश्चर्य दाखवलं नाही. "तो साच्याकडे बघत असतलो," एवढंच म्हणाले आणि गरीला कोळंबी लावू लागले. गिरणीच्या कारागिराची नजर हा एक मोठा ठेवा होता आणि तो आपण फार स्वस्तात घालवला, असं मला अजून वाटतं. साचे भंगारात गेले, चाळी पाडल्या गेल्या, त्यावर लिहिलंही गेलं. पण सुताचा स्वभाव ज्यांच्या बोटांना कळत होता, त्यांच्याकडून तो कुणी शिकून घेतला नाही. मामांचा धोटा आता माझ्या कपाटात आहे. कांडीवरचं सूत मात्र आम्ही मुलांनीच ओढून संपवलं.

टोकावरून सुटणाऱ्या दोरीचं एक दुखणंही असतं. प्रत्येक वेढ्यागणिक तिला एक पीळ पडतो. गुंडाळताना तो बहुतेक फिटतो. पण मासा दोरी ओढून नेत असताना आपण हँडल फिरवत राहिलो, तर दोरी आत येत नाही आणि पीळ मात्र वाढत जातो. नवशिक्यांच्या दोरीला पडणाऱ्या गाठींमागे बहुतेक वेळा हेच कारण असतं. मासा ओढतोय तोवर हँडल सोडून द्यावं. तेव्हाचं काम ड्रॅगचं, म्हणजे ताण वाढला की दोरी सोडणाऱ्या ब्रेकचं असतं.

आणि ड्रॅग हाच रिळाचा जीव. स्पूलवरचं बटण उलटं फिरवून काढलं की आत चकत्यांची एक चळत दिसते. धातूची चकती, मग नमद्याची किंवा कार्बनची, पुन्हा धातूची. त्यांच्या घासण्यावर मोठा मासा पेलला जातो. खोक्यावर दहा-दहा किलो ड्रॅगचे आकडे छापलेले असतात. त्यांना भुलू नये. पंधरा पौंडांची दोरी साधारण पावणेसात किलोला तुटते. ड्रॅग तिच्या ताकदीच्या पाव ते तृतीयांशावर लावायचा, म्हणजे पावणेदोन ते सव्वादोन किलो. तेवढ्यात तो एकसारखा सुटला पाहिजे. दुकानात रीळ हातात घेतलं की दोरी बांधून ओढून बघावी. सुरुवातीला अडकून मग एकदम सुटत असेल, तर ते रीळ परत खोक्यात जाऊ द्यावं. त्या पहिल्या अडकण्यातच दोरी तुटते आणि तांबोशी खडकाच्या कपारीत शिरते.

बेअरिंगच्या आकड्याचंही तसंच. स्वस्त रिळात भरलेली नऊ-दहा बेअरिंगं खाऱ्या पाण्याचा एक हंगाम बघत नाहीत. चार चांगली, नीट झाकलेली बेअरिंगं पुष्कळ झाली. त्यांच्याहून मोलाचा एक बारीकसा भाग बेलच्या टोकाशी असतो. दोरी ज्याच्यावरून वळते तो लाइन रोलर. दिवसभराचं मीठ त्याच्यात साचतं. तो फिरायचा थांबला की दोरी एकाच जागी घासत राहते. कोकणातलं कुठलंही जुनं रीळ उघडा, पहिला गंज बहुधा तिथेच सापडेल. विकत घेताना नखाने तो रोलर फिरवून बघावा. त्यानंतर रीळ डोळ्यांसमोर धरून हँडल सावकाश फिरवावं आणि स्पूलभोवती फिरणारा भाग डगमगतो का ते पाहावं. हँडल उलट्या बाजूला दाबल्यावर मागे सरकत असेल तर आतली पकड ढिली आहे. आवाजाकडे मात्र फार लक्ष देऊ नये. नव्या रिळात भरपूर ग्रीस असतं, आणि ते बऱ्याच खोडी झाकतं.

हँडलला मागे जाऊ न देणारी ही एका दिशेची पकड मला फार आवडते. शिमानो हे नाव आपल्याकडे सायकलच्या गिअरमुळे मुलांनाही ठाऊक असतं. 1921 साली जपानमधल्या साकाई या गावी ती कंपनी निघाली आणि तिचं पहिलं उत्पादन होतं सायकलचं फ्रीव्हील, म्हणजे अशीच एका दिशेची पकड. रिळांकडे ती 1970 मध्ये वळली. साकाई हे पिढ्यानपिढ्या सुऱ्या घडवणाऱ्यांचं गाव. तिकडे फ्रान्समध्ये मिशेल रिळं बनली ती आल्प्सच्या पायथ्याच्या क्ल्यूझमध्ये, घड्याळवाल्यांच्या गावात. गिरणी, सायकल, घड्याळ. मासे धरण्याचं यंत्र ज्यांनी घडवलं, त्यांतल्या पुष्कळांचे हात आधी दुसऱ्याच कामात मुरलेले होते.

पैशांचं म्हणाल तर माझं मत स्पष्ट आहे. हजाराच्या आतलं रीळ खाऱ्या पाण्यासाठी घेऊ नये. त्यातले दाते मऊ धातूचे असतात. दोन-चार बरे मासे लागले की हँडलमध्ये खरखर सुरू होते. तीस-चाळीस हजारांची रिळं सुंदर असतात, हातात घेतल्यावर खाली ठेववत नाहीत. पण ती खोल समुद्रात बोटीवरून मोठ्या माशांमागे जाणाऱ्यांसाठी. आपण जेटीवर, खाडीच्या काठी, कातळावर उभे राहणारी माणसं. आपल्याला अडीच-तीन हजारांपासून पाच-सहा हजारांपर्यंत चांगलं रीळ मिळतं. शिमानो, दायवा, पेन, ओकुमा, या सगळ्यांकडे त्या पट्ट्यात दोन-तीन भरवशाची मॉडेलं आहेत. खाडीत रायगडवाले ज्याला जिताडा म्हणतात आणि गोव्यात चोणक म्हणतात, त्याच्यासाठी 3000 किंवा 4000 मापाचं घ्यावं. खडकावरून गोबऱ्याच्या मागे असाल तर 5000. बोय, मुडदुशी अशा लहान माशांना 2500 पुरे. वेणी घातलेली दोरी भरणार असाल तर आधी तळाशी तंगुसाचे थोडे वेढे द्या, नाहीतर अख्खी दोरी गुळगुळीत स्पूलवर घसरत राहते आणि आपण ड्रॅगला दोष देत बसतो.

घरी आल्यावर ड्रॅग घट्ट करून रीळ नळाच्या बारीक धारेखाली धुवायचं. बादलीत बुडवायचं नाही, जोराचा फवाराही मारायचा नाही. त्याने मीठ आत ढकललं जातं. मग कोरडं पुसून ड्रॅग ढिला करून ठेवायचा, म्हणजे चकत्या चेपून बसत नाहीत. रोलरवर तेलाचा एक थेंब. पाच मिनिटांचं काम आहे. ते न करणाऱ्याला कुठलंही महागडं रीळ पुरत नाही, आणि करणाऱ्याचं मध्यम किमतीचं रीळ वर्षानुवर्षं चालतं, हे मी आमच्याच जेटीवर पाहतो.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, वारं असतं, कातळ निसरडे होतात. तेव्हा रीळ उघडून बघावं. म्हणूनच माझ्या लेखी निवडीची खरी कसोटी ही की ते घरच्या टेबलावर साध्या स्क्रू ड्रायव्हरने उघडता येतं का, आणि त्याचे सुटे भाग मिळतात का. तुम्ही दुकानात जाल तेव्हा दुकानदार रंग दाखवेल, बेअरिंगं मोजून दाखवेल. त्याला एवढंच विचारा: याचा लाइन रोलर आणि ड्रॅगच्या चकत्या उद्या वेगळ्या मिळतील का? तो हो म्हणाला आणि त्याने काढून दाखवल्या, तर तेच रीळ घ्या.