आयतं बीळ

‘आयत्या बिळात नागोबा’ या म्हणीनं बाजू घेतली आहे ती बीळ खणणाऱ्याची. राबायचं उंदरानं आणि ऐसपैस बसायचं नागोबानं, हा तिचा राग. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या बॉल पायथन या चार-पाच फुटी अजगराला ती तंतोतंत लागू पडते. तो बीळ खणत नाही. उंदीर-घुशींच्या बिळांत, वाळवीच्या वारुळांत मुक्काम करतो आणि घाबरला की डोकं मधे घेऊन घट्ट वेटोळं घालतो. टोगो, बेनिन, घानातले शिकारी कोरडा ऋतू सरता सरता हीच बिळं उकरून गाभण माद्या आणि अंडी बाहेर काढतात. त्यांची पिल्लं विमानानं अमेरिका-युरोपात जातात.

तिथं एखाद्या घराच्या तळघरात या अजगराला दुसरं बीळ मिळतं. प्लॅस्टिकचा ऊबदार खण, पाण्याची वाटी, थोडा लाकडाचा भुसा. मांडणीवर असे कितीतरी खण. पैदास करणारे सांगतात की या सापाला अंधार आणि अडचणीची जागाच मानवते, उघड्यावर तो खाणं टाकतो. ते खोटं नाही. पण रानातला अजगर रात्री बिळाबाहेर पडतो, भटकतो, झाडावरही चढतो. खणात पुष्कळदा त्याला पूर्ण लांबही होता येत नाही. ब्रिटनमधली ‘आरएसपीसीए’ ही प्राणिकल्याण संस्था सापाला अंग सरळ ताणता यावं असा आग्रह धरते. दोन्ही म्हणणी पटतात आणि विचार तिथेच अडतो.

पैदास करणाऱ्याला मात्र आयतं काही मिळत नाही. मादी वयात यायला सुमारे तीन वर्षं लागतात. अंडी बहुधा चार ते आठ, तीही दर वर्षी घालेलच असं नाही. उबवणीला 31-32 अंश सेल्सिअस तापमान आणि जवळपास दोन महिने हवेत. पिल्लू नेमानं खाऊ लागल्याशिवाय जबाबदार माणूस ते विकत नाही, आणि काही पिल्लं कित्येक आठवडे भक्ष्याला तोंड लावत नाहीत.

कमाई ठरते रंगावर. बॉब क्लार्क यांनी 1992 मध्ये अल्बिनो बॉल पायथनची वीण यशस्वी केली, पीटर काल यांनी 1997 मध्ये पांढऱ्या पट्ट्यांच्या ‘पाइड’ची. तेव्हा अशी पिल्लं हजारो डॉलरना जात. ज्यांनी ती घेतली त्यांनीही वीण केली, मग त्यांच्या गिऱ्हाइकांनीही. आज तीच पिल्लं काही शे डॉलरमध्ये मिळतात. मग भाव टिकवायला आणखी नवा रंग लागतो. त्या खटाटोपात निघणारी साधी तपकिरी पिल्लं फारशी कुणाला नको असतात.

‘स्पायडर’ या रंगप्रकारापाशी तर विचार आणखीच अडतो. अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी सुरेख नक्षी, आणि त्याच जनुकासोबत येणारं डोलणं. डोकं थरथरतं, मान पिळवटते, भक्ष्यावरची झेप चुकते. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या अजगरांच्या अंतःकर्णाची घडणच बिघडलेली दिसली. ब्रिटनच्या इंटरनॅशनल हर्पेटॉलॉजिकल सोसायटीनं आपल्या मेळाव्यांत त्यांची विक्री बंद केली. पाळणारे म्हणतात, तो खातो, वाढतो, त्याला पिल्लंही होतात. साप विव्हळत नाही. मग त्याचं दुखणं ओळखायचं कशावरून?

बेनिनमधल्या विदा गावात हाच अजगर देव आहे. कॅथलिक बॅसिलिकेच्या समोरच त्याचं मंदिर आहे. तिथले साप अधूनमधून मोकळे सोडले जातात आणि कुणाच्या घरात शिरले तर लोक त्यांना मानानं परत आणून सोडतात. त्याच देशातून त्याची पिल्लं परदेशीही जातात. हे ऐकून बत्तीस शिराळा आठवतं. तिथं नागपंचमीला नाग पूजले जात ते पकडून, मडक्यांत ठेवून. अखेर न्यायालयाला आवर घालावा लागला. म्हणजे भक्तीनं साप मोकळाच राहतो असंही नाही. भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे देशी सापांचा असा धंदा करता येत नाही, पण हौस कायद्याला वळसा घालून परदेशी साप आणते. डिसेंबर 2023 मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाकडे बिस्किटं-केकच्या पाकिटांत लपवलेले बॉल पायथन सापडले.

आणि म्हण ज्याच्या बाजूची, तो उंदीर? तोही आता कारखान्यात वाढवला जातो, गोठवून पिशवीत मिळतो. सापाच्या सुखदुःखावर वाद घालणारेही त्याच्याविषयी क्वचितच बोलतात.

घरात पैदास झाली की रानातले साप वाचतात, हा युक्तिवाद लिहिणाऱ्याला आधी भक्कम वाटत होता. पण पैदास हौसही वाढवते, आणि वाढलेली हौस पुन्हा आफ्रिकेकडे नव्या रंगाचा साप मागते. शिवाय हा प्राणी दीर्घायुषी आहे. सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात 1961 साली आलेल्या मादीनं 2020 मध्ये अंडी घातली. स्पायडरची वीण उद्या थांबली, तरी आज डोलणारे अजगर पुढची वीस-तीस वर्षं कुणाच्या तरी घरी असणार आहेत. त्यांची विक्री बंद झाल्यानं त्यांचं भलं होतं, की त्यांना सांभाळणारं माणूसच मिळेनासं होतं, हे अजून उलगडत नाही.