फळ्यासमोरची वर्षे

उपजीविकेसाठी परक्या शहरात शिक्षकी पत्करलेल्या माणसातला लेखक पुष्कळदा एकांतात घडत नाही, तर त्याला आधी ऐकणारे कान लागतात; फ्रँक मॅकोर्ट यांना ते न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांतील चुळबुळ्या किशोरवयीन मुलांकडून मिळाले. १९३० साली ब्रुकलिनमध्ये जन्मलेले, पण आईवडिलांबरोबर आयर्लंडला परतून लिमरिकच्या बोळांत भूक, ओल आणि भावंडांचे मृत्यू पाहत वाढलेले मॅकोर्ट १९४९ मध्ये पुन्हा अमेरिकेला आले. पुढे सैन्यात गेल्यामुळे, माजी सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलण्याची तरतूद करणाऱ्या ‘जी. आय. बिल’ या कायद्याच्या आधाराने, शालान्त दाखला नसतानाही ते न्यूयॉर्क विद्यापीठात शिकले.

स्टेटन आयलंडवरील मॅकी या व्यवसायशिक्षणाच्या शाळेत १९५८ मध्ये ते शिकवू लागले, तेव्हा व्याकरण टाळण्यासाठी मुले त्यांच्याकडे आयर्लंडच्या गोष्टी मागत. आपण कर्तव्य चुकवतो आहोत, ही टोचणी मनात ठेवूनच ते त्या सांगत. वस्तुतः त्यांचे खरे शिक्षण तिथेच चालले होते, कारण कंटाळलेला वर्ग खोटी करुणा क्षणात ओळखतो आणि हसू कुठे फुटते, हेही तोच दाखवतो. गैरहजेरीच्या माफीसाठी पालकांच्या नावाने मुलांनी स्वतःच लिहिलेल्या चिठ्ठ्यांत त्यांना निबंधांत कधी न दिसलेली कल्पकता आढळली. मुलांना शिक्षा करण्याऐवजी त्यांनी आदमने देवाला लिहिलेली माफीची चिठ्ठी हाच लेखनाचा विषय दिला. साहित्याचे इतके उदार अध्यापन क्वचितच घडते.

सुमारे तीन दशकांच्या नोकरीनंतर १९८७ मध्ये ते स्टायव्हसंट हायस्कूलमधून निवृत्त झाले, आणि ‘अँजेलाज ॲशेस’ हे आत्मकथन १९९६ मध्ये, त्यांच्या वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी त्याला पुलित्झर पुरस्कार मिळाला. हा विलंब वाया गेलेला काळ मानणे अन्यायाचे ठरेल. या पुस्तकाचे निवेदन एका लहान मुलाच्या तोंडून, वर्तमानकाळात आणि संवादांना अवतरणचिन्हे न लावता वाहते, म्हणजे प्रौढाचा न्यायनिवाडा बाजूला ठेवून घडणारी गोष्ट घडत असतानाच सांगितली जाते. वडील दारूत मजुरी उडवतात, तरी त्यांनी सांगितलेल्या कुहूलिन या आयरिश वीराच्या कथेवर मुलाचा जीव जडलेलाच राहतो. अशी निर्वैर दृष्टी कागदावर येण्याआधी वर्षानुवर्षे मोठ्याने बोलली गेली होती, आणि ती ऐकणारी मुलेच पुढे २००५ च्या ‘टीचर मॅन’ या पुस्तकात पात्रे म्हणून आली.